वाचकांचे प्रश्न : संशोधनाची उपकरणे मिळून घडवताना

गेल्या अंकात 'मुक्तस्रोत हार्डवेअर' या विषयावर, म्हणजे ज्यांचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला ठेवलेला असतो अशा उपकरणांवर, एक लहानसे टिपण दिले होते. त्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. रावेर तालुक्यातून आलेल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यातली अडचण या कामात पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला केव्हा ना केव्हा गाठते.

प्रश्न : आमच्या विभागातील विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प म्हणून काही ना काही उपकरण बनवतात आणि ते बाजारातल्यापेक्षा स्वस्तही पडते. त्याला मुक्तस्रोत म्हणता येईल का? (भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका, जळगाव)

उत्तर : उपकरण कितीही चांगले असले, तरी त्याचा आराखडा ज्याने ते बनवले त्याच्याच लॅपटॉपवर राहिला आणि तो विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेला, तर ते मुक्तस्रोत म्हणता येणार नाही. स्वस्तपणाचा या शब्दाशी थेट संबंध नाही. २०१२ साली स्थापन झालेली ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन ही संस्था जी व्याख्या सांभाळते, तिच्यानुसार आराखडा सार्वजनिक असला पाहिजे आणि तो अभ्यासण्याची, बदलण्याची, इतरांना देण्याची, त्यावरून वस्तू बनवण्याची आणि ती विकण्याचीही मोकळीक कोणालाही असली पाहिजे. विकण्याची मोकळीक अनेक शिक्षकांना खटकते, हे मला ठाऊक आहे. परंतु ती नसेल, तर जळगावच्या एमआयडीसीतील एखादा लहान कारखानदार ते उपकरण शंभर शाळांसाठी बनवून देऊ शकणार नाही, आणि शंभर शाळांनी ते स्वतः बनवावे अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही.

या चळवळीची दोन मोठी उदाहरणे २००५ च्या सुमाराची आहेत. इटलीतील इव्रिया या गावी विद्यार्थ्यांना हाताळता येईल असे आर्डुइनो नावाचे इलेक्ट्रॉनिक पटल तयार झाले, आणि ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी रेपरॅप हा प्रकल्प सुरू केला, ज्यातला त्रिमितीय प्रिंटर स्वतःचेच बरेचसे भाग छापू शकत असे. आज तालुक्याच्या ठिकाणीही जे परवडणारे प्रिंटर दिसतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ तेथे आहे. आपल्या देशातले उदाहरण हवे असेल, तर नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विकसित केलेले एक्सपआइज पाहावे : मुठीत मावणारी पेटी संगणकाला जोडली, की विद्युत्दाब मोजता येतो, तरंग पाहता येतात आणि पदवीच्या अभ्यासक्रमातील कितीतरी प्रयोग करता येतात.

मी स्वतः एका महाविद्यालयाच्या उपकरण-कक्षात बरीच वर्षे काम केले आहे. आमच्याकडचा एक फोटोमीटर (द्रावणातून जाणारा प्रकाश मोजणारे यंत्र) दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागातील बिघाडामुळे दोन शैक्षणिक वर्षे झाकून ठेवावा लागला. दोष बहुधा एकाच सुट्या भागात होता. विक्रेत्याने सर्किटची आकृती देण्यास नकार दिला आणि दुरुस्तीसाठी सांगितलेली रक्कम आमच्या वार्षिक तरतुदीत बसणारी नव्हती. त्या दोन वर्षांत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत जुन्या तुकडीचे आकडे उतरवून घेतले. ज्या यंत्राच्या आत काय आहे हे पाहण्याची आपल्याला मुभा नाही, त्याच्या आकड्यावर आपण विज्ञान उभे करतो, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

प्रश्न : आम्ही केळी पिकवणारे सहा पदवीधर शेतकरी आणि येथील महाविद्यालयातील तीन शिक्षक मिळून जमिनीचा ओलावा व तापमान नोंदवणारी उपकरणे बनवत आहोत. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आणि कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटी लावलेली) यांच्या पाण्याच्या गरजेची तुलना करण्याचा विचार आहे. एक वर्ष झाले. आता आमच्याकडे चार प्रकारची चार उपकरणे आहेत आणि कोणाचेही आकडे कोणाशी जुळत नाहीत. चूक कुठे होते आहे? (रावेर तालुका)

उत्तर : आपण आकडे जुळत नाहीत हे मोकळेपणाने लिहिलेत, हे फार चांगले केलेत. चूक उपकरणांत थोडी आणि कामाच्या वाटणीत जास्त आहे, असे मला वाटते. नऊ माणसांनी चार आराखडे केले, याचा अर्थ आपण एकत्र काम न करता एकाच वेळी काम केलेत.

सुरुवात प्रश्न लिहून काढण्यापासून करावी. दोन हंगामांतील बागांची तुलना करायची असेल, तर कोणत्या खोलीवरचा ओलावा, दिवसातून किती वेळा आणि किती अचूकतेने नोंदवायचा, हे एका पानावर लिहून त्यावर सर्वांनी संमती द्यावी. केळीची बहुतेक मुळे वरच्या थरात असतात, त्यामुळे फार खोल जाण्याची गरज नसते; ठिबकच्या नळीपासून उपकरण किती अंतरावर पुरायचे, हे मात्र सर्वांसाठी एकच ठरले पाहिजे. हे पान नसेल, तर प्रत्येक जण आपापल्या आवडीचा सेन्सर घेऊन येतो आणि मग चर्चा सेन्सरवर होते, केळीवर होत नाही.

त्यानंतर चारांपैकी एक आराखडा निवडून बाकीचे तीन बाजूला ठेवावेत. ही पायरी जड जाते, कारण प्रत्येकाने आपल्या उपकरणात रात्री जागवलेल्या असतात. निवड करताना कोणाचे उपकरण जास्त चांगले, असे विचारू नये. ज्याने ते कधीच पाहिलेले नाही अशा माणसाला कागद वाचून कोणते उपकरण बनवता येईल, असे विचारावे. शक्य असल्यास आधीच खुला असलेला एखादा आराखडा घेऊन त्यातच बदल करावा आणि आपल्या सुधारणा मूळ मंडळींना परत पाठवाव्यात. शून्यापासून सुरू केलेल्या उपकरणाच्या सगळ्या चुका आपल्यालाच शोधाव्या लागतात.

निवडलेल्या आराखड्याची सर्व कागदपत्रे एकाच ठिकाणी ठेवावीत. गिट ही पद्धत यासाठीच आहे : प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला हे तिच्यात नोंदले जाते, आणि बदल चुकला तर आधीच्या स्थितीला परत जाता येते. सर्किटची आकृती मोबाइलवर काढलेल्या छायाचित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात ठेवून भागत नाही. ती किकॅडसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडून बदलता येईल अशा मूळ स्वरूपात हवी. पेटीच्या आराखड्यासाठी फ्रीकॅड आहे. सुट्या भागांच्या यादीत नुसते नाव लिहू नये. निर्मात्याचा क्रमांक, खरेदीची किंमत आणि तो भाग मिळाला नाही तर चालणारा पर्याय, हे तिन्ही लिहावे. तापमानासाठी आपण बहुधा डीएस१८बी२० हा सेन्सर वापरत असाल. त्याच्या माहितीपत्रकात उणे १० ते ८५ अंश सेल्सिअस या टप्प्यात अर्ध्या अंशाच्या आत अचूकता दिलेली आहे. परंतु या सेन्सरच्या नकला बाजारात मोठ्या प्रमाणात आहेत आणि त्यांना हे माहितीपत्रक लागू होत नाही. म्हणून प्रत्येक सेन्सर पुरण्यापूर्वी तपासावा. ऊर्ध्वपातित पाण्याचा बर्फ बारीक कुटून, त्यात थोडे तसलेच पाणी घालून, ढवळून केलेल्या मिश्रणात तो दहा मिनिटे ठेवावा. आकडा शून्यापासून किती दूर आहे, ते त्या सेन्सरच्या क्रमांकासह वहीत लिहावे. या तपासणीला बर्फ सोडून काहीही खर्च नाही, आणि आपल्या चार उपकरणांतील तापमानाचा घोळ बहुधा येथेच उलगडेल.

ओलाव्याचे काम अधिक अवघड आहे. आपण वापरता ते कपॅसिटिव्ह सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (पदार्थ विद्युत्भार साठवायला किती मदत करतो त्याचे माप) सुमारे ८० आणि कोरड्या मातीचा त्या मानाने फारच कमी, साधारण ३ ते ५, असतो. या फरकावरून सेन्सर एक विद्युत्दाब देतो आणि त्याचे ओलाव्यात रूपांतर आपण करायचे असते. विक्रेत्याने दिलेले सूत्र कोणत्या मातीसाठी काढलेले आहे, हे आपल्याला माहीत नसते. तापीकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. भेग सेन्सरच्या पात्याला लागून पडली, तर पाते मातीऐवजी हवा मोजते आणि बाग कोरडी नसतानाही आकडा कोसळतो. क्षारांमुळेही आकडा सरकतो. त्यामुळे प्रत्येक बागेच्या मातीसाठी वेगळे कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या मापाशी जुळवून घेण्याचे काम, करावे लागेल. ठरावीक घनफळाच्या धातूच्या कड्याने मातीचा नमुना काढावा, लगेच त्याचे वजन करावे, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. वजनातील घट म्हणजे पाणी. ओल्यापासून कोरड्यापर्यंत निदान सहा-सात अवस्थांमध्ये हे करून शेजारी सेन्सरचा आकडा लिहिला, की त्या मातीची स्वतःची वक्ररेषा मिळते. ओव्हन आपल्या शिक्षक-सदस्यांच्या प्रयोगशाळेत असेलच. हे काम कंटाळवाणे आहे, आणि ते जो मनापासून करील त्याचे नाव प्रकल्पात सर्वांत वर लिहावे, असे मी सुचवीन.

पेटीविषयी एक गोष्ट आपल्या हवामानामुळे सांगणे भाग आहे. त्रिमितीय प्रिंटरवर सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. रावेर-भुसावळच्या मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांपर्यंत जाते. उन्हातली बंद पेटी त्याहून खूप तापते. परदेशातील आराखड्यात पीएलएची पेटी सुचवलेली असेल, तर ती येथे वाकडी होईल. पीईटीजी हे प्लास्टिक अधिक उष्णता सोसते. पण मी आपल्या जागी असतो, तर ठिबकच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि दोन टोपणे वापरली असती, आणि हवेच्या तापमानाच्या सेन्सरवर पांढऱ्या ताटल्यांची उतरंड करून सावली धरली असती. असा बदल केला, की तो कारणासह मूळ आराखड्यात नोंदवावा. उष्ण प्रदेशातील दुसऱ्या कोणाला तरी तो उपयोगी पडेल, आणि एकमेकांशी ओळख नसलेल्या माणसांचे सहकार्य बहुतेक वेळा अशाच एखाद्या ओळीतून सुरू होते.

शेवटी निर्णयाचा प्रश्न. नऊ जणांच्या गटात प्रत्येक बदलावर मतदान घेऊ नये. एकाकडे सर्किट, एकाकडे पेटी, एकाकडे कॅलिब्रेशन आणि एकाकडे कागदपत्रे सोपवावीत. आपल्या भागात शेवटचा शब्द त्याचा, मात्र बदलाचे कारण त्याने लिहिलेच पाहिजे. आराखड्याला क्रमांक द्यावा आणि एक संपूर्ण हंगाम तो क्रमांक बदलू नये. सुधारणा सुचतील, त्या पुढच्या क्रमांकासाठी लिहून ठेवाव्यात. हंगामाच्या मध्यावर उपकरण बदलले, तर आधीचे आणि नंतरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. जोडणीच्या सूचना मराठीत लिहाव्यात आणि एकदा तरी बागेत काम करणाऱ्या माणसाला अहिराणीत किंवा लेवा बोलीत वाचून समजावून पाहाव्यात. तो जेथे अडखळेल तेथे सूचना अपुरी आहे.

प्रश्न : आम्ही बनवलेला आराखडा खुला केला आणि एखाद्या मोठ्या कंपनीने तो उचलून त्यावर स्वतःचा हक्क सांगितला, तर? परवाना कोणता घ्यावा? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : ही भीती रास्त आहे. आकृत्या, फायली आणि लेखन यांना कॉपीराइटचे संरक्षण मिळते; उपकरण काम कसे करते, यावर हक्क मिळवायचा तर पेटंट लागते आणि ते २० वर्षे चालते. आपण आराखडा तारखेसह सार्वजनिक केला, की ती कल्पना जाहीर झालेली आहे याचा पुरावा तयार होतो आणि नंतर दुसऱ्याला तीच कल्पना नवी म्हणून नोंदवणे अवघड जाते. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी : एकदा जाहीर केल्यावर साधारणतः आपल्यालाही पेटंट घेता येत नाही. महाविद्यालयाच्या प्रकल्पात मार्गदर्शकांशी आणि संस्थेशी हे बोलणे आधीच करावे, नंतर मनस्ताप होतो.

परवाना म्हणजे खुला आराखडा इतरांनी कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारा मजकूर. अशा परवान्यांत जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधन-संस्थेचा ओपन हार्डवेअर परवाना सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला आहे. तो २०११ मध्ये आला आणि २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती तीन रूपांत निघाली. पहिल्या रूपात, आराखडा बदलून वस्तू वाटणाऱ्याने आपला बदललेला संपूर्ण आराखडाही त्याच अटींवर खुला केला पाहिजे. दुसऱ्यात ही अट मूळ भागापुरती असते आणि त्याला जोडलेले इतर भाग बंद ठेवता येतात. तिसऱ्यात अशी अट नाही. श्रेय आणि सूचना कायम ठेवल्या की पुरे. आपली भीती पाहता पहिले रूप आपल्याला योग्य. उपकरणातील सॉफ्टवेअर आणि माहितीपुस्तिका यांचे परवाने वेगळे नमूद करावे लागतात. पुस्तिकेला क्रिएटिव्ह कॉमन्स या लेखन-चित्रांसाठीच्या तयार परवान्यांतला 'व्यावसायिक वापर नको' हा प्रकार लावण्याचा मोह होतो. तो लावला तर ते काम मुक्तस्रोताच्या व्याख्येत बसत नाही. नावाचे रक्षण मात्र करता येते : आर्डुइनोच्या पटलांचे आराखडे खुले आहेत, पण आर्डुइनो हे नाव नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे.

दुसऱ्याचे पेटंट आड येईल अशीही शंका आपण लिहिली आहे. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ४७ नुसार केवळ प्रयोग, संशोधन किंवा विद्यार्थ्यांना शिकवणे एवढ्यासाठी पेटंट असलेले उपकरण बनवता आणि वापरता येते. विक्री करायची झाल्यास मात्र जाणकार वकिलाला विचारावे.

प्रश्न : पीएच.डी.च्या संशोधनासाठी मी एक उपकरण घडवले. ते 'संशोधन' म्हणून मोजले जाईल का? (संशोधक विद्यार्थिनी, जळगाव)

उत्तर : जाईल, जर आपण ते संशोधनाच्या शिस्तीत मांडले तर. हार्डवेअरएक्स आणि जर्नल ऑफ ओपन हार्डवेअर ही दोन नियतकालिके २०१७ पासून याच कामासाठी आहेत. तेथे आराखड्याच्या फायली, भागांची किमतीसह यादी, जोडणीची कृती आणि प्रमाणित उपकरणाशी केलेली तुलना मागतात. ही तुलना आजच सुरू करावी. फायली झेनोडो या सर्नच्या भांडारात ठेवल्या, तर त्यांना कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि इतरांना आपला उल्लेख करता येतो.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत सूक्ष्मदर्शक नाही. त्रिमितीय प्रिंटरवर सूक्ष्मदर्शक बनवता येतो असे वाचले. सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी त्यावर करता येईल का? आमच्या भागात त्याची फार गरज आहे. (शिक्षक, धडगाव परिसर, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सूक्ष्मदर्शक बनवता येईल, निदान करू नये. दोन्हींची कारणे देतो.

ब्रिटनमधील संशोधकांनी सुरू केलेला ओपनफ्लेक्शर हा आराखडा या क्षेत्रातील सर्वोत्तम कामांपैकी आहे. काचपट्टी बारीक सरकवण्यासाठी नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात घासून सरकणारे धातूचे अचूक भाग लागतात आणि महाग पडतात ते तेच. ओपनफ्लेक्शरमध्ये प्लास्टिकचे पातळ पाय किंचित वाकवून ती हालचाल मिळवली आहे, त्यामुळे घर्षणच नाही आणि सगळा सांगाडा प्रिंटरवर निघतो. भिंग साध्या वेबकॅमचेही चालते किंवा प्रयोगशाळेतले नेहमीचे ऑब्जेक्टिव्हही (काचपट्टीजवळचे भिंग) बसवता येते; चित्र रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावर दिसते. या आराखड्यावर टांझानियातील इफाकारा हेल्थ इन्स्टिट्यूटमध्ये हिवतापाच्या संशोधनासाठी काम झाले आहे आणि तेथील स्थानिक कार्यशाळेत ही यंत्रे बनवली गेली, ही बाब मला त्याच्या अचूकतेइतकीच मोलाची वाटते. आपल्याकडे प्रिंटर नसेल, तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पत्र लिहावे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातही फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आहे. खेड्यातल्या मुलांच्या हाती अशी यंत्रे देण्याचे काम तेथे बराच काळ चालू आहे.

आता सिकलसेल. मुलांना तांबड्या पेशी दाखवणे, त्यांचा आकार समजावणे, यासाठी हे यंत्र उत्तम आहे. त्यासाठी तयार काचपट्ट्या वापराव्यात, शाळेत मुलांचे रक्त काढू नये. ज्या माणसात सिकलसेलचे एकच जनुक आहे, त्या वाहकाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीसारख्या दिसू शकतात. म्हणून प्राथमिक चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या, रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी खात्री करावी लागते. आपण पाहून 'नाही' म्हटले आणि ते चुकले, तर त्याचा परिणाम लग्नापर्यंत आणि पुढच्या पिढीपर्यंत जातो. शिवाय निदानासाठी वापरायच्या उपकरणांना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि आराखडा खुला असल्याने त्यातून सुटका होत नाही. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ पासून सुरू आहे. तपासणीसाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडेच जावे.

प्रश्न : मी रेल्वेच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो. सोल्डरिंग, तारा, मोटारी यांत आयुष्य गेले. संगणकाचे प्रोग्रॅमिंग येत नाही. अशा कामात माझा काही उपयोग आहे का? (भुसावळ)

उत्तर : काका, वर रावेरच्या मंडळींना दिलेले उत्तर आपण वाचावे, त्यांना आपल्यासारख्याच माणसाची उणीव आहे. ज्यांनी उपकरण घडवले, त्यांना आपल्या सूचनांमधील त्रुटी दिसत नाहीत, कारण गाळलेली पायरी त्यांच्या हाताला पाठ असते. आपण त्यांच्याकडून फक्त कागदपत्रे आणि सुटे भाग मागवावेत, फोन करू नये, आणि कागदावर लिहिले आहे तेवढेच करत जावे. जेथे हात थांबेल तेथे वहीत वेळ टाकून लिहावे : कोणती तार कोठे जोडायची हे कळले नाही, कोणता स्क्रू लांब पडला, कोणत्या सांध्याला डाग देताना शेजारचा भाग तापला. कोणता सांधा शेतातल्या ओलाव्यात वर्षभरात सुटेल, हे आपल्याला पाहताक्षणी कळेल; त्या मुलांना ते एक पावसाळा वाया गेल्यावर कळेल. उपकरण तयार झाल्यावर ते आणि वही दोन्ही त्यांना द्यावे. आपली हरकत नसेल, तर दोन्हीकडची पत्रे मी एकमेकांना पाठवतो.